डिप्लॉय करताना पुन्हा पुन्हा पासवर्ड: विचारतंय कोण, आणि ते थांबवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या उबुंटू सर्व्हरवर जँगोवर (पायथनची वेब-चौकट) लिहिलेलं एक छोटं अ‍ॅप चालतं. डिप्लॉयची, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवायची, स्क्रिप्ट लॅपटॉपवरून आधी कोड गिटहबवर पाठवते, मग आरसिंक या फाइल-कॉपीच्या टूलने काही फाइली सर्व्हरवर टाकते, तिथे गिट पुल करते (गिटहबवरचा नवा कोड ओढून घेते) आणि शेवटी सर्व्हिस रीस्टार्ट करते. एवढ्यात पाच वेळा काही ना काही टाइप करावं लागतं. पासवर्डऐवजी चालणारी एसएसएच की (एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) तयार केली तरी फरक पडला नाही. मित्राने सुचवलं की पासवर्ड आपोआप भरणारं एसएसएचपास नावाचं टूल घे आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून टाक. तसं करावं का?

करू नका. कारण सांगतोच, पण त्याआधी एक काम करा. पुढच्या डिप्लॉयला स्क्रिप्ट थांबेल तेव्हा काहीही टाइप न करता पडद्यावरची ओळ नीट वाचा. मी सोळा वर्षं हेच काम करतो आहे, आणि ‘की केली तरी पासवर्ड मागतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी ती ओळ वाचलेलीच नसते. ते पाच प्रश्न एकच माणूस विचारत नसतो. चार वेगवेगळे दरवान चार वेगवेगळ्या दारांवर उभे असतात, आणि तुम्ही एकाच दरवानाला ओळखपत्र दाखवून बाकीचेही सोडतील म्हणून वाट बघताय. (इथे कमांड आणि मेसेज उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच असतील.)

‘डिप्लॉय अ‍ॅट अमुक-सर्व्हर्स पासवर्ड’ अशी ओळ असेल, तर सर्व्हरवरचा एसएसएच विचारतो आहे. म्हणजे तुमची की तिथपर्यंत पोचलेली नाही किंवा त्याने ती नाकारली आहे. ‘एंटर पासफ्रेज फॉर की’ असेल, तर सर्व्हरचा त्यात काहीही संबंध नाही. तुमच्याच लॅपटॉपवरची की कुलूपबंद आहे आणि ती उघडायला तुमचाच लॅपटॉप तुम्हाला विचारतो आहे. ‘युजरनेम फॉर एचटीटीपीएस…’ असेल, तर तो गिट आहे. आणि चौकोनी कंसात ‘सुडो’ दिसलं, तर आत शिरून झालं आहे, आता रूटचे (मशीनवरच्या सर्वाधिकारी युजरचे) अधिकार मागितले म्हणून सर्व्हर पुन्हा विचारतो आहे. हे न बघता उपाय करत बसणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पासफ्रेज विचारली जात असताना सर्व्हरवरची की दहा वेळा पुसून पुन्हा टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आता एसएसएचपासबद्दल. पासवर्ड कमांडमध्ये लिहिला की तो शेलच्या हिस्टरीत उतरतो, चालू प्रोसेसच्या यादीत त्याच मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो, आणि स्क्रिप्ट गिटमध्ये गेली की जुन्या कमिटमध्ये (कोडच्या साठवलेल्या आवृत्तीत) कायमचा बसतो. हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठा वाटणारा तोटा वेगळा आहे: असा पासवर्ड पुढे कुणी बदलतच नाही. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत एकच पासवर्ड तीन स्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता. एक सहकारी नोकरी सोडून गेला, म्हणून आम्ही तो बदलला आणि दोन स्क्रिप्टमध्ये नवा टाकला. तिसरी स्क्रिप्ट रात्री बॅकअप घ्यायची. ती कुणाच्याच लक्षात नव्हती. अकरा दिवसांनी एका ग्राहकाची डिलीट झालेली नोंद परत आणायची वेळ आली, तेव्हा कळलं की अकरा दिवसांत एकही बॅकअप झालेला नाही. त्या ग्राहकाला फोन करून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. पासवर्ड चोरीला गेला नव्हता, कुणी हल्ला केला नव्हता. फक्त एकच गुपित अनेक ठिकाणी लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मी कधीही स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिला नाही आणि दुसऱ्याला लिहू दिला नाही.

एसएसएच जन्मालाच आलं ते चोरलेल्या पासवर्डांमुळे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपले, आणि तिथल्याच तातु युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून पहिलं एसएसएच लिहिलं. पण त्यातही पासवर्डने लॉगिन केलं, तर पासवर्ड कूटबद्ध वाटेने का होईना, सर्व्हरपर्यंत जातोच. सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेला असेल तर त्याला तो वाचता येतो. कीचं तसं नाही. तिचे दोन भाग असतात: प्रायव्हेट की तुमच्याकडे, पब्लिक की सर्व्हरवर. प्रायव्हेट की लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही; त्या कीने त्या एका सेशनपुरती सही केली जाते आणि सर्व्हर आपल्याकडच्या पब्लिक कीने ती सही पडताळतो. म्हणून कीमध्ये सोयही आहे आणि सुरक्षाही. सोयीसाठी सुरक्षा सोडावी लागते हा समज निदान इथे खरा नाही.

की नसेल किंवा जुनी असेल तर नवी करा: ‘एसएसएच-कीजेन -टी इडी२५५१९’. इडी२५५१९ हा प्रकार ओपनएसएसएचच्या ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. आजच्या कुठल्याही क्लाउड सर्व्हरवर चालेल. कॉमेंटच्या जागी माणसाचं आणि मशीनचं नाव लिहा, ‘ऑफिसचा लॅपटॉप’ वगैरे. ही कॉमेंट फार कामाची असते. प्रत्येक माणसाची, प्रत्येक मशीनची वेगळी की असेल, तर कुणी गेलं किंवा लॅपटॉप हरवला की सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमधली एक ओळ काढायची, बाकी कुणालाच धक्का लागत नाही. माझ्या त्या जुन्या नोकरीत असं असतं तर बॅकअप चालू राहिला असता.

पब्लिक की सर्व्हरवर टाकायला ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ वापरा. हाताने चिकटवताना ओळ तुटते. इतकं करूनही सर्व्हर पासवर्ड मागत असेल, तर दहातल्या आठ वेळा परमिशनचं दुखणं असतं. सर्व्हरवर डॉट-एसएसएच फोल्डरची परमिशन ७००, ऑथराइज्ड-कीजची ६०० हवी, आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा नसावी. ही शेवटची अट लोकांच्या लक्षात येत नाही. कुणीतरी वैतागून होम फोल्डरला ७७७ (कुणालाही काहीही करायची मुभा) देऊन ठेवलेलं असतं. एसएसएच अशी की नाकारतो आणि तुम्हाला कारण सांगत नाही. मुकाट्याने पासवर्डवर येतो. कारण सर्व्हरच्या ऑथ-डॉट-लॉग फाइलमध्ये मिळतं: ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. लॅपटॉपच्या बाजूने बघायचं तर ‘एसएसएच -व्ही’ चालवा. त्यात ‘ऑफरिंग पब्लिक की’ ही ओळच नसेल, तर तुमची की पुढे केलीच जात नाही आहे. ओळ आहे पण पुढे पासवर्ड मागितला, तर दोष सर्व्हरकडे.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर आणखी एक खोडा असतो. की सी ड्राइव्हवर असेल, तर लिनक्सला तिची परमिशन ७७७ दिसते आणि एसएसएच ती वापरायला नकार देतो. तिथे परमिशन बदलत बसू नका. की लिनक्सच्या होममध्ये कॉपी करा आणि तिथे ६०० द्या.

उलट गोष्टही घडते. एजंटमध्ये (उघडलेल्या की मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्राम, त्याबद्दल पुढे) आठ-दहा की भरलेल्या असतात, एसएसएच त्या एकामागून एक पुढे करतो आणि सहा प्रयत्नांत योग्य की आली नाही तर सर्व्हर ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून दार लावतो. त्यावर उपाय कॉन्फिग फाइलमध्ये आहे. डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये सर्व्हरला एक छोटं नाव द्या, त्याखाली होस्टनेम, युजर, आयडेंटिटी-फाइल लिहा आणि ‘आयडेंटिटीज-ओन्ली येस’ टाका. आता ती एकच की पुढे केली जाईल. आरसिंक, एससीपी आणि गिट हे तिघंही हीच फाइल वाचतात, त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टमधले सगळे पत्ते एका शब्दावर येतात.

आता पासफ्रेज. ‘पासफ्रेज ठेवूच नको, कटकट मिटेल’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. लॅपटॉपवरच्या कीसाठी मी तो कधीच देणार नाही. पासफ्रेज नसलेली की म्हणजे उघडी फाइल. लॅपटॉप गेला, बॅकअपची प्रत कुठे राहिली, एखाद्या पॅकेजने होम फोल्डर चाळलं, की सर्व्हर गेला. पासफ्रेज ठेवा आणि ती दिवसातून एकदाच टाका. त्यासाठीच एसएसएच-एजंट आहे. तो उघडलेली की मेमरीत धरून ठेवतो. सकाळी ‘एसएसएच-अ‍ॅड -टी ८एच’ दिलं, की आठ तास कुणी विचारणार नाही आणि नंतर की आपोआप विसरली जाईल. कॉन्फिगमध्ये ‘अ‍ॅड-कीज-टू-एजंट येस’ लिहिलं, तर पहिल्या वापराला की आपोआप एजंटमध्ये जाते. मॅकवर त्याच्या जोडीला ‘यूज-कीचेन येस’ लिहा. पासफ्रेज कीचेनमध्ये राहते. विंडोजमध्ये ओपनएसएसएचचा एजंट ही एक सर्व्हिस आहे आणि ती सुरुवातीला बंद असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती आपोआप सुरू होईल अशी करून ठेवा. तरीही गिट पासफ्रेज विचारत असेल, तर गिट फॉर विंडोज स्वतःबरोबर आणलेला वेगळा एसएसएच वापरतो आहे, त्याला विंडोजचा एजंट माहीत नाही. गिटच्या ‘कोअर-डॉट-एसएसएच-कमांड’ सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पत्ता दिला की दोघांचं जमतं. या एका गोष्टीने मी नव्या मुलांचे पूर्ण दिवस वाया गेलेले बघितले आहेत.

काही ठिकाणी सर्व्हर की स्वीकारतच नाही, किंवा दर वेळी ओटीपी मागतो आणि ते बदलणं तुमच्या हातात नसतं. तिथे ‘कंट्रोल-मास्टर ऑटो’ आणि ‘कंट्रोल-पर्सिस्ट १०एम’ कामाला येतं. पहिल्यांदा लॉगिन झालं की तेच कनेक्शन दहा मिनिटं उघडं राहतं आणि पुढचे आरसिंक, एसएसएच त्याच्यातूनच जातात. ओळख एकदाच पटवायची. की चालत असली तरी मी हे लावतो, कारण डिप्लॉय जाणवण्याइतका वेगवान होतो. विंडोजच्या स्वतःच्या ओपनएसएसएचमध्ये मात्र ही सोय नाही. तिथे डब्ल्यूएसएलमधून चालवा.

गिटचा प्रश्न सोपा आहे. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्यामुळे तिथे पासवर्ड बरोबर टाकला तरी नकारच मिळतो. लॅपटॉपवर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने पत्ता एसएसएचचा करा, वरचीच की चालेल. एचटीटीपीएसच ठेवायचं असेल तर टोकन (पासवर्डऐवजी चालणारा संकेत) घ्या आणि ते लक्षात ठेवणारा क्रेडेन्शियल हेल्पर लावा. मॅकवर कीचेनचा, विंडोजवर गिट क्रेडेन्शियल मॅनेजर. ‘कॅशे’ नावाचा हेल्पर टोकन मेमरीत ठेवतो, पण वेळ सांगितली नाही तर पंधराच मिनिटं. ‘स्टोअर’ ते साध्या अक्षरांत फाइलमध्ये लिहितो, म्हणून तो नको.

सर्व्हरवरच्या गिट पुलसाठी लोक एक धोकादायक शॉर्टकट घेतात: स्वतःची प्रायव्हेट की सर्व्हरवर कॉपी करतात, किंवा एसएसएचला ‘-ए’ देऊन एजंट पुढे पाठवतात. दोन्ही नको. एजंट पुढे पाठवला की त्या सर्व्हरवरचा रूट तुमच्या नावाने सह्या करून घेऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स-डॉट-ऑर्ग या चॅट-सेवेच्या सर्व्हरवर झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराने पुढे पाठवलेल्या एजंटांचाच फायदा घेतला होता, आणि ते त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं आहे. मधल्या मशीनवरून पलीकडे जायचं असेल तर ‘प्रॉक्सी-जंप’ वापरा. गिट पुलसाठी सर्व्हरवरच वेगळी की बनवा आणि ती त्या एका रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) ‘डिप्लॉय की’ म्हणून द्या, फक्त वाचण्यापुरती. या कीला पासफ्रेज नसली तरी मला चालते, कारण ती फुटली तर एका रिपॉझिटरीचा कोड वाचला जाईल, त्यात काही लिहिता येणार नाही. एक अडचण सांगून ठेवतो: गिटहबवर तीच की दुसऱ्या रिपॉझिटरीला लावता येत नाही. रिपॉझिटरी दोन असतील तर की दोन, आणि कॉन्फिग फाइलमध्ये दोन टोपणनावं.

राहिला सुडो. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. इंटरनेटवर पहिलं उत्तर मिळतं ते ‘नो-पासवर्ड ऑल’. म्हणजे डिप्लॉय युजरला बिनपासवर्डचा रूट. तुम्हाला काय हवं आहे? एक सर्व्हिस रीस्टार्ट करायची आहे. मग तेवढंच द्या. ‘व्हिसुडो -एफ’ने सुडोअर्स-डॉट-डी फोल्डरमध्ये एक फाइल उघडा आणि त्यात सिस्टमसीटीएलचा (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या कमांडचा) पूर्ण पत्ता, ‘रीस्टार्ट’ आणि तुमच्या सर्व्हिसचं नेमकं नाव एवढीच कमांड नो-पासवर्ड करा. फाइलच्या नावात टिंब टाकू नका, सुडो अशी फाइल वाचतच नाही आणि तुम्ही तासभर शोधत बसता. कमांडमध्ये तारांकन घालू नका. आणि कृपा करून, डिप्लॉय युजरला स्वतः बदलता येणाऱ्या स्क्रिप्टला असा अधिकार देऊ नका. ती स्क्रिप्ट ज्याला बदलता येते, तो तिच्यात काहीही लिहून रूट होऊ शकतो.

माझी स्वतःची पसंती मात्र सुडोच काढून टाकण्याला आहे. अ‍ॅप सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) युजर सर्व्हिस म्हणून, म्हणजे रूटऐवजी तुमच्याच युजरच्या नावाने, चालवा, ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ एकदा द्या म्हणजे लॉगआउट झाल्यावरही आणि मशीन रीबूट झाल्यावरही ती चालू राहील. पुढे ‘सिस्टमसीटीएल --युजर रीस्टार्ट’ला कुठलाच पासवर्ड लागत नाही, कारण रूट मध्ये येतच नाही.

स्वतःच्या सर्व्हरऐवजी अ‍ॅप चालवून देणाऱ्या हेरोकूसारख्या सेवेवर असाल तर थोडं वेगळं. हेरोकूने ३० नोव्हेंबर २०२१ ला गिटसाठी एसएसएच बंद केलं. जुन्या लेखांतला ‘गिट अ‍ॅट हेरोकू’चा पत्ता अजून असेल तर तो एचटीटीपीएसचा करा आणि ‘हेरोकू लॉगिन’ एकदा द्या. टोकन नेटआरसी फाइलमध्ये जातं आणि पुश विचारत नाही. तरीही पासवर्ड मागितला तर खात्याचा नव्हे, ‘हेरोकू ऑथ:टोकन’ने मिळणारं टोकन टाकायचं. गूगल क्लाउडला ‘जीक्लाउड ऑथ लॉगिन’ तेच काम करतं. एडब्ल्यूएसवर अ‍ॅक्सेस की फाइलमध्ये साठवण्याऐवजी ‘एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन’ची सवय लावा. ब्राउझरमध्ये एकदा होय म्हणायचं, आणि मिळणारी परवानगी काही तासांनी आपोआप मरते.

पुढे कधी डिप्लॉय लॅपटॉपवरून न करता गिटहब अ‍ॅक्शन्सकडे (गिटहबची आपोआप कामं चालवणारी सेवा) द्याल, तेव्हा मोह होईल तो लॅपटॉपची की सीक्रेट म्हणून तिथे चिकटवायचा. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या तशाच सेवेने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सगळी सीक्रेट्स बदलायला सांगितली होती, कारण त्यांच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं होतं. ज्यांनी तिथे कायमच्या की ठेवल्या होत्या, त्यांना त्या सगळ्या शोधून बदलणं भाग होतं. आज एडब्ल्यूएस, गूगल आणि अझूर तिघेही ओआयडीसी स्वीकारतात: प्रत्येक रनला गिटहब एक सही केलेलं ओळखपत्र देतं, क्लाउड ते तपासून थोड्या वेळापुरती परवानगी देतं. एडब्ल्यूएसमध्ये ती न बदलता एका तासाची असते. साठवलेलं काहीच नसल्याने चोरण्यासारखंही काही राहत नाही. फक्त रोलच्या (ही परवानगी कुणाला मिळेल ते ठरवणाऱ्या नोंदीच्या) अटीत रिपॉझिटरीचं आणि ब्रँचचं नाव नेमकं लिहा, नाहीतर नको त्या ब्रँचवरूनही डिप्लॉय होईल. साध्या व्हर्च्युअल मशीनला ओआयडीसी थेट लागत नाही, तिथे वेगळी की करा आणि ऑथराइज्ड-कीजमध्ये त्या ओळीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड=’ लिहून ती की एकाच डिप्लॉय स्क्रिप्टपुरती बांधून टाका. अशा यंत्रांवर ‘स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग नो’ लिहायचा मोहही आवरा. सर्व्हरची होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) एकदा स्वतः पडताळून नोन-होस्ट्स फाइलमध्ये ठेवा.

स्क्रिप्टमध्ये दोन छोटे बदल करा. एसएसएचला ‘बॅच-मोड=येस’ आणि सुडोला ‘-एन’ द्या. आता काही बिघडलं तर स्क्रिप्ट पासवर्डची वाट बघत अडकून न राहता लगेच चूक दाखवून थांबेल. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना तर हे हवंच. आमची ती बॅकअपची स्क्रिप्ट अशी थांबून कुणाला मेल करती, तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

सगळं सुरळीत झालं की सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करा: ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ आणि ‘केबीडी-इंटरअ‍ॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो’. उबुंटूच्या क्लाउड इमेजवर मुख्य फाइलमध्ये हे बदलून बऱ्याचदा काहीच होत नाही. एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमध्ये ५० आकड्याने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) फाइल असते, ती आधी वाचली जाते आणि एसएसएचमध्ये पहिली आलेली किंमत लागू होते. तिच्यात ‘येस’ असेल तर मुख्य फाइलमधलं ‘नो’ वाया. खरोखर काय लागू आहे ते ‘सुडो एसएसएचडी -टी’ दाखवतो, पण त्यातला टी मोठा हवा. लहान टी फक्त कॉन्फिगमध्ये चूक आहे का ते तपासतो, आणि रीस्टार्टच्या आधी तेही करून घ्या. आणि हे सगळं करताना आधीचं लॉगिन बंद करू नका. दुसरं टर्मिनल उघडा, त्यातून कीने आत शिरता आलं हे बघा, मगच पहिल्यातून बाहेर पडा.